नव्या वर्गणीदारास पहिले पत्र

मासिकाची वर्गणी भरल्यावर वर्गणीदाराच्या हाती पहिल्याप्रथम काय पडते, याचा विचार आपल्याकडचे संपादक फारसा करीत नाहीत. अंक जातोच, मग निराळे पत्र कशाला, असा एकंदर सूर असतो. जे पत्र पाठवतात, त्यांतले बरेचजण ‘हार्दिक स्वागत’ म्हणून लगेच नियमांवर येतात : पत्ता बदलल्यास महिनाभर आधी कळवावे, वर्गणी परत मिळणार नाही, वर्गणीदार क्रमांक लिहिण्यास विसरू नये. पाहुणा उंबऱ्यात उभा, आणि यजमान त्याला चपला कुठे काढायच्या एवढेच सांगतो आहे!

मी आपल्या महाविद्यालयाचा जुना विद्यार्थी, सध्या नोकरीनिमित्त सिल्वासा येथे असतो. इथे ही गोष्ट अधिक जाणवते. करसवलतींमुळे या भागात कारखाने आले, त्यांच्यामागून माणसे आली. दादरा व नगर हवेलीची लोकसंख्या २००१ साली २,२०,४९० होती, ती २०११ साली ३,४३,७०९ झाली. बाजारात गुजराती आणि हिंदी, आदिवासी पाड्यांवर वारली, आणि घरात ज्याची त्याची भाषा. खानदेशातून आलेल्या एखाद्या फिटरला मराठी मासिक केवळ करमणुकीसाठी नको असते. गुजराती शाळेत जाणाऱ्या मुलीच्या नजरेखालून महिन्यातून एकदा तरी मराठी जावी, म्हणून तो पैसे भरतो.

माझ्या एका शेजाऱ्यांना आलेल्या स्वागतपत्रावर पत्ता होता : ‘सिल्वासा, गुजरात’. पिनकोडावरून कोणी तसे ठरवले असेल. पण हा प्रदेश गुजरातेत कधीच नव्हता. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीजांच्या ताब्यातून सुटले, त्या लढ्यात सुधीर फडके होते. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा मुलूख भारतात रीतसर विलीन झाला आणि २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीवसह तो एक केंद्रशासित प्रदेश आहे. मराठी संपादकाला एवढे ठाऊक असू नये? पत्रातले ‘आमच्या परिवारात’ वगैरे शब्द शेजाऱ्यांनी पुढे वाचलेच नाहीत.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले, इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी. मराठी वर्तमानपत्राचा वाचक तेव्हा घडायचाच होता. हे काय आहे आणि कशासाठी, हे त्याला आधी सांगणे भाग होते. प्रत्येक नवा वर्गणीदार त्याच जागी उभा असतो. अंक कोणत्या तारखेस टपालात पडतो, न मिळाल्यास कोणाला कळवायचे (‘व्यवस्थापक’ नव्हे, माणसाचे नाव हवे), जुन्या अंकांतले आधी काय वाचावे, एवढे सांगितले की पुरे. पहिल्याच पत्रात आजीव सदस्यत्व गळ्यात मारणे मात्र मला असभ्य वाटते.

आणि एक प्रश्न जरूर विचारावा : घरात हा अंक आणखी कोण वाचणार? ‘बारा वर्षांची मुलगी’ असे उत्तर आले, तर संपादकाला पुढच्या अंकाचे काम मिळाले. एवढ्या पत्रांना वेळ कुठला, असे कोणी म्हणेल. पत्र छापील असू द्या. खाली दोन ओळी हाताने लिहा. नाव आणि गाव मात्र तपासून घ्या.

हे आपल्या अंकालाही लागू आहे. प्रथम वर्षाचा विद्यार्थी न मागताच आपला वर्गणीदार होतो. त्याच्यासाठी पहिले पान राखावे, मराठी विभागात एक आणि कानडी विभागात एक. कानडी पान मराठीचे भाषांतर नसावे. ते कानडी विभागाच्या विद्यार्थ्यांनी, आपल्या नव्या मित्रांना काय सांगायचे ते ठरवून, स्वतंत्रपणे लिहावे.