नांव आणि लक्षण

शनिशिंगणापूरची यात्रा करून पुण्याच्या वाटेनें नव्या मुंबईस परततांना पुष्कळ कुटुंबें अहिल्यानगर येथील रणगाड्यांचें संग्रहालय पाहतात. सैन्याच्या चिलखती दलाच्या शिक्षणकेंद्रानें १९९४ सालीं तें स्थापिलें. देशोदेशींचे जुने रणगाडे तेथें उघड्या आवारांत मांडलेले आहेत. मुलें विचारतात, ‘हा कोणता?’ वडील माणसें फलक वाचून सांगतात. पण फलकच नसेल तर?

रशियांत ही अडचण खरोखरच आली. १९१७ च्या क्रांतीनंतर तेथें यादवी माजली, तेव्हां इंग्रजांनीं बोल्शेविकांच्या शत्रूंस रणगाडे पुरविले. १९२० सालीं दक्षिणेंत तो पक्ष हरला. रणगाडे मागें राहिले व लाल सेनेच्या हातीं पडले. ती त्यांस ‘रिकार्डो’ म्हणूं लागली. वास्तविक रिकार्डो हें त्यांतील इंजिन रचणाऱ्या इंग्रज अभियंत्याचें नांव. रणगाड्याचें नांव ‘मार्क पांच’. त्यांपैकीं कांहीं पुढें लुहान्स्क, आर्खांगेल्स्क अशा नगरांत स्मारकें म्हणून उभे राहिले. नांव उसनें, रंग मागाहून दिलेला. मग ओळख पटावी कशानें?

येथें आपलें न्यायशास्त्र उपयोगीं पडतें. खरें लक्षण इतरांत सांपडूं नये, आणि त्यानें स्वजातीयांपैकीं एकासहि वगळूं नये. पहिला दोष अतिव्याप्तीचा, दुसरा अव्याप्तीचा. कललेल्या चौकोनासारखी आकृति हें लक्षण म्हणाल, तर ती त्यापूर्वींच्या मार्क चारलाहि आहे, ही अतिव्याप्ति. दोन्ही कुशींस तोफा म्हणाल, तर इंग्रज तोफांच्या रणगाड्यास ‘नर’ व नुसत्या मशीनगनांच्या रणगाड्यास ‘मादी’ म्हणत. ती मादी वगळली जाते, ही अव्याप्ति. त्यांतच एप्रिल १९१८ मध्यें फ्रान्सांत दोन माद्या जर्मन रणगाड्यापुढें हतबल झाल्या. त्यानंतर एका कुशीस तोफ व दुसरीस मशीनगन असे अर्धनारीश्वरहि निघाले! निर्णय होतो तो छपरावरून. मार्क चारला पुढील बाजूसच उंचवटा असे. मार्क पांचला मागें आणखी एक चौकोनी खोली आहे. आंतील भेद याहून मोठा. मार्क चार वळविण्यास चार माणसें लागत. मार्क पांचला एकटा चालक पुरे.

हीच कसोटी अहिल्यानगरास लावावी. १९६५ च्या युद्धांत पाकिस्तानकडून हस्तगत झालेला ‘पॅटन’ आपण अभिमानानें पाहतों. पण पाकिस्तानपाशीं एम-४७ व एम-४८ असे दोन प्रकार होते, आणि नांव दोहोंस एकच. एम-४७ मध्यें चालकाशेजारीं मशीनगनवाला बसे, म्हणून सैनिक पांच. एम-४८ मध्यें ती जागाच नाहीं, सैनिक चौघे. तेव्हां समोरच्या पोलादांत चालकाच्या बाजूस मशीनगनेचें छिद्र आहे कीं नाहीं, तें पाहावें.

आपले जवान नेमके कशाशीं झुंजले हें कळल्यावांचून त्यांच्या पराक्रमाचें मोल कळत नाहीं. म्हणून वाचकहो, मुलांस आधीं रणगाड्याच्या अंगावरील खूण शोधूं द्यावी. फलक मागाहून वाचावा.