छत्री बरी की वायर?

नवा टीव्ही घरात येतो तो बहुधा दसरा-दिवाळीच्या मुहूर्तावर. भिंतीला भोके पडतात, जुना टीव्ही गावाकडच्या घरी रवाना होतो, आणि दुकानात पाहिलेले ते मोरपिसारे आणि धबधबे आता रोज आपल्या दिवाणखान्यात दिसणार, या आशेने सगळे घर समोर बसते. दिसते ते निराळेच. मालिकेतल्या सासूबाई धुक्यातून बोलताहेत, बॅटला लागलेला चेंडू कुठे गेला कळत नाही आणि बातम्या सांगणारी मुलगी एका रात्रीत आडवी वाढली आहे. मग खल सुरू होतो. जावईबापू म्हणतात, केबल काढून टाका, डिश बसवा. शेजारचे काका म्हणतात, आम्ही डिशला कंटाळून केबल घेतली. दोघेही अनुभवाचे बोल बोलत असतात, आणि दोघेही मूळ दुखण्यापासून दूर असतात.

दुखणे साध्या अंकगणिताचे आहे. साध्या वाहिनीचे चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे, म्हणजे चार लाखांच्या थोडे वर. एचडी म्हणजे हाय डेफिनिशनचे चित्र १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचे, म्हणजे वीस लाखांवर. पाचपट! चार लाखांचा माल वीस लाखांच्या दुकानात मांडला, तर फळ्या रिकाम्या दिसणारच. त्या रिकाम्या जागा टीव्ही अंदाजपंचे भरतो, आणि त्या अंदाजालाच आपण ‘चित्र फुटतंय’ म्हणतो. तेव्हा टीव्ही एचडी, बॉक्स एचडी आणि वाहिनीही एचडी अशी तिन्ही खाती जुळायला हवीत. शिवाय बॉक्सपासून टीव्हीपर्यंतची वायर एचडीएमआयची हवी. लाल-पांढऱ्या-पिवळ्या तोंडांच्या जुन्या वायरीतून एचडी चित्र जातच नाही. वीस हजारांचा टीव्ही आणि वायर मात्र माळ्यावरच्या खोक्यातली, असा प्रकार मी एकाहून अधिक सुशिक्षित घरांत पाहिला आहे. आडव्या वाढलेल्या मुलीचे कारण तर याहून सोपे. चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणले गेलेले असते. रिमोटवर चित्राचा आकार बदलला की ती पुन्हा सडपातळ होते.

आता छत्री की वायर? दोन्हींचे माहेर एकच, हे आपण विसरतो. केबलवाल्याकडचे चित्रही बहुतांशी उपग्रहावरूनच येते. केबल कंपनीच्या मोठाल्या तबकड्या ते उतरवून घेतात आणि वायरीने गल्लोगल्ली पोचवतात. डिशवाल्याचे चित्र सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहावरून थेट आपल्या गच्चीत उतरते. फरक काय तो शेवटच्या टप्प्याचा. एकाच टप्प्यात किती वाहिन्या कोंबायच्या, हा मोह दोघांनाही असतो. कोंबल्या की चित्र मार खाते. त्यामुळे ‘डिशचे चित्र चांगले’ किंवा ‘केबलचे चांगले’ असे सरसकट विधान करणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

आपल्याकडे वायर आधी आली, याला इतिहास आहे. १९९१ च्या आखाती युद्धाने आणि पाठोपाठ आलेल्या परदेशी वाहिन्यांनी शहरांतल्या झाडांवरून, विजेच्या खांबांवरून काळ्या वायरींची जाळी विणली गेली. १९९२ मध्ये झी आले. केबलवाल्याचा स्वतःचा चॅनेल असे, त्यावर गल्लीतल्या दादांना वाढदिवसाच्या शुभेच्छा झळकत. सरकारने कायदा केला तो १९९५ मध्ये. घराघरांत थेट उतरणाऱ्या छत्रीवर मात्र १९९७ मध्ये बंदी आली. ती २००० साली उठली आणि २००३ पासून खासगी डिश सेवा सुरू झाली. मुंबईतली केबल २०१२ च्या अखेरीस आणि पुण्या-नागपुरासारख्या शहरांतली २०१३ मध्ये डिजिटल झाली. म्हणजे एचडीच्या शर्यतीत छत्री आधी धावली आणि वायर मागून आली. आज दोघी बरोबरीत आहेत. ‘छत्रीशिवाय एचडी नाही’ हे काही घरांत अजून ऐकू येते, ते त्या मधल्या वर्षांचे उरलेले मत.

खरी परीक्षा पावसाळ्यात. छत्रीकडे येणाऱ्या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीच्या असतात आणि मोठ्या थेंबांचा जोराचा पाऊस त्यांना गिळून टाकतो. पूर्वी टीव्हीवर मुंग्या यायच्या, तरी चित्र ओळखू यायचे. डिजिटल चित्र मात्र आधी चौकोन-चौकोन होऊन गोठते, मग पडदा काळा. केबल कंपनीच्या मोठ्या तबकड्या बहुधा त्याच्या तिप्पट लांबीच्या लहरी झेलतात, त्यांना पाऊस इतका बाधत नाही. रत्नागिरी किंवा महाबळेश्वरच्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगायला नको. पण थांबा, वायरीचेही दुखणे आहे. रस्त्यात जागोजागी तिला वीज लागते. तुमच्या घरी इन्व्हर्टर असेल, पण चौकातल्या पेटीला नसेल, तर वीज गेल्यावर केबल बंद आणि छत्री चालू. झाड पडले, रस्ता खणला, तरी केबल बंद.

छत्रीला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे मोकळे आकाश. आपल्याकडच्या डिश कंपन्यांचे उपग्रह महाराष्ट्रातून पाहिले तर दक्षिण आणि पूर्वेच्या मधे, ढोबळमानाने आग्नेयेला येतात. वास्तुशास्त्र आग्नेयेला स्वयंपाकघर सांगते, म्हणून सदनिकांत ही छत्री हमखास ओट्यासमोरच्या खिडकीबाहेर लटकलेली दिसते आणि तिच्यावर फडकी वाळत असतात. विनोद सोडा, त्या दिशेला जुनी चाळ पाडून बावीस मजली मनोरा उभा राहणार असेल, तर छत्रीचे आयुष्य त्या मनोऱ्याच्या बांधकामाएवढेच. पुनर्विकासाच्या या दिवसांत पुण्या-मुंबईत हे आधी पाहावे.

आता बिल. बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला जाहिरातीपेक्षा बिलातली बारीक अक्षरे अधिक मनोरंजक वाटतात. २०१९ मध्ये ‘ट्राय’ने नुसत्या जोडणीचे शुल्क १०० वाहिन्यांना १३० रुपये अधिक कर असे ठरवले, पुढल्या वर्षी तेवढ्याच पैशांत २०० वाहिन्या द्यायला लावल्या. त्या मोजणीत एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांएवढी धरली जाई. २०२४ च्या जुलैत ही कमाल मर्यादा काढून टाकण्यात आली. त्यामुळे आता प्रत्येक कंपनीचा हिशेब वेगळा, आणि तो विचारल्याशिवाय कळत नाही. १८ टक्के जीएसटी आहेच. यादी मागवून घ्या आणि पासबुकासारखी एकेक ओळ वाचा. एकाच वाहिनीचे साधे आणि एचडी असे दोन्ही अवतार वेगवेगळ्या गुच्छांतून आपण पोसत नाही ना? निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात दरमहा शंभर-दीडशे रुपये असेच गळत असतात, आणि पाहिल्या जातात त्या पाच-सात वाहिन्या.

दुसरी अट बॉक्सची. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, बॉक्सचे तसे नाही. एका कंपनीचा बॉक्स दुसरीकडे निरुपयोगी. कोणताही बॉक्स कुठेही चालावा, अशी शिफारस ‘ट्राय’ने २०२० मध्ये केली होती. तिची फळे अजून आपल्या घरापर्यंत आलेली नाहीत. म्हणून बॉक्स विकत आहे की भाड्याने, आणि परत केला तर अनामत किती मिळते, हे लेखी घ्यावे.

या सगळ्यात आता तिसरा भिडू शिरला आहे. २०२० च्या अखेरीस देशात डिशचे सुमारे ७ कोटी ग्राहक होते, २०२५ पर्यंत ते ६ कोटींच्या खाली आले. काही जण इंटरनेटकडे गेले, काही मासिक भाडे नसलेल्या दूरदर्शनच्या फ्री डिशकडे. केबलवाल्यालाही झळ बसली. पण जो शहाणा होता त्याने त्याच खांबांवरून इंटरनेटची फायबर ओढली.

माझे मत विचाराल तर असे: गावाबाहेरचे घर, शेतावरची वस्ती किंवा दर तीन वर्षांनी बदली होणारी नोकरी असेल, तर छत्री. पत्ता बदलला तरी ती बरोबर नेता येते. दाट वस्ती, भरपूर पाऊस आणि हाकेच्या अंतरावर केबलवाला असेल, तर वायर. घरात एकटे वृद्ध असतील तर मी डोळे मिटून वायरच सांगेन. नातवाने चुकून टीव्हीचे इनपुट बदलून ठेवले की कंपनीचा फोन ‘हिंदीसाठी एक दाबा’ म्हणत राहतो. केबलवाला पोरगा संध्याकाळी येतो, रिमोटची दोन बटणे दाबतो आणि आजींच्या हातचा चहा पिऊन जातो. ही सोय कोणत्याही दरपत्रकात लिहिलेली नसते.

वर्षाचे पैसे एकदम भरले की महिना-दोन महिने फुकट, ही लालूच दोघेही दाखवतात. भरायचेच तर ते गणपतीनंतर भरावेत. तोवर महिन्याच्या महिन्याला पैसे द्यावेत आणि आषाढातल्या एखाद्या धुवांधार रात्री साडेआठच्या मालिकेचे काय होते ते पाहावे.