पालघट कुठे आहे?

पालघर, बोईसर, डहाणू. हल्ली रिकामी भिंत दिसली की तिच्यावर वारली चित्र काढलेलं असतं. तारपा, त्याभोवती नाचणाऱ्यांचं वेटोळं, बाजूला सेल्फीची जागा. रिसॉर्टवाला गाडी भरून पाहुणे पाड्यावर नेतो, 'आदिवासी संस्कृती' अर्ध्या तासात दाखवतो. या सगळ्यांना आमचा एकच प्रश्न आहे. तुमच्या भिंतीवर पालघट कुठे आहे?

पालघट ही वारल्यांची देवी. लग्नघरात भिंतीला शेण-गेरूचा हात देतात, सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. हो, काढत नाहीत, लिहितात. चौकाच्या मधोमध पालघट असते. तो चौक लिहिल्याशिवाय लग्न होत नाही, आणि विधी करते ती धवलेरी, म्हणजे बाई. भटाशिवाय लग्न लावायचं म्हणून 1873 नंतर सत्यशोधकांना कोर्टकचेऱ्यांपर्यंत भांडावं लागलं. इथे पाड्यांवर भटाची गरजच कुणाला पडली नव्हती. आपल्या भाषणांत हे का येत नाही?

आमचेच काही मित्र विचारतात, 22 प्रतिज्ञा घेतलेल्यांनी दुसऱ्याच्या देवीची वकिली का करावी? आम्ही पालघटची पूजा करत नाही, करणारही नाही. पण प्रतिज्ञा आम्ही स्वतः घेतल्या, वारल्यांच्या डोक्यावर ठेवायला नव्हे. बाबासाहेबांच्या संविधानाने सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य दिलं ते त्यांनाही आहे. आणि पालघट म्हणजे आमच्याच अमुक देवीचं रूप, असं सांगत कुणी पाड्यात शिरला तर त्याला अडवणं हे आमचंही काम आहे. बुद्धाला अवतार करून टाकल्याचा अनुभव आमच्याइतका कुणाला असणार?

घानात कुमासीच्या आसपास असांते लोकांची मातीच्या भिंतींची, उठावाच्या नक्षीची देवघरं आहेत. 1980 साली युनेस्कोने ती जागतिक वारशात घेतली. घेतली ती इमारतींसकट. आपल्याकडे नक्षी तेवढी हवी, घर पडलं तरी चालेल!

गंजाडचे जिव्या सोमा म्हशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, त्याचा आम्हाला अभिमानच आहे. पण बायकांच्या हातचं हे लेखन कागदावर आणि बाजारात आल्यावर नावं बहुतेक पुरुषांची झाली, हेही बोललं पाहिजे. धवलेरीचं नाव कुठल्या पाटीवर वाचलंय?

आणि भिंत उभी असते जमिनीवर. सरकारी कार्यालयाच्या दर्शनी भागात वारली चित्र, आत टेबलावर भूसंपादनाची फाईल. वाढवण बंदर, बुलेट ट्रेन, महामार्ग, यादी वाढतेच आहे. सिमेंटच्या घरकुलातही चौक लिहिता येतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण पाडाच उठवला तर सवाशिणींनी कुठे लिहायचं?

1996 च्या पेसा कायद्याने परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. तेव्हा आमची मागणी सरळ आहे. पाड्यावर सहल न्यायची तर आधी ग्रामसभेची परवानगी घ्या, किती पैसे द्यायचे ते तिलाच ठरवू द्या, आणि देवचौकाचा फोटो घरातल्या बाईला विचारल्याशिवाय काढू नका. ती नाही म्हणाली तर मोबाईल खिशात ठेवा.

जय भीम! जोहार!