दंड स्वाराला, मोकळीक विक्रेत्याला!

लुना ज्या जिल्ह्यात घडली, तिथल्या माणसाला दुचाकीचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही. १९७२ साली आलेली ही मोपेड कायनेटिकच्या नगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) कारखान्यातून देशभर गेली; २०२४ साली आलेली ई-लुनाही याच जिल्ह्यातली. गाडी घेताना इथला गिऱ्हाईक दहा जणांना विचारतो. हेल्मेट मात्र रस्त्याकडेला टांगलेल्या ढिगातून उचलतो, ‘दंड तरी वाचेल’ म्हणून.

कायदा नाही म्हणून हे चाललं आहे, असं कुणी समजू नये. १ जून २०२१ पासून आयएस ४१५१ या मानकात न बसणारं दुचाकीस्वाराचं हेल्मेट बनवणं, आयात करणं, साठवणं, विकणं बेकायदा आहे. या मानकाची परीक्षा नुसत्या टणकपणाची नाही. आदळल्यावर धक्का किती शोषला जातो, टोकदार वस्तू आत घुसते का, हनुवटीखालचा पट्टा टिकतो का, हे प्रयोगशाळेत तपासतात. चकचकीत कवच आणि आत चिकटवलेला स्पंजचा तुकडा एवढ्यावर तिथे निभावत नाही.

आता शिक्षा पाहा. मोटार वाहन कायद्यात विनाहेल्मेट स्वाराला दंड आणि तीन महिने परवाना बंद. २०१६च्या भारतीय मानक ब्युरो (बीआयएस) कायद्यात अप्रमाणित माल विकणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पहिल्याच गुन्ह्याला किमान २ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. म्हणजे कायद्याच्या लेखी मोठा गुन्हेगार विक्रेता. चौकातली शिट्टी मात्र स्वारासाठीच वाजते!

असा माल बनवणाऱ्या-विकणाऱ्यांवर हात टाकता येतो. दिल्लीत टाकला गेला. तिथे मानक ब्युरोने नऊ उत्पादकांकडून अडीच हजारांवर हेल्मेट जप्त केली; त्यांचे परवाने संपलेले किंवा रद्द झालेले होते. म्हणजे छापलेल्या आयएसआय चिन्हावरही डोळे झाकून विसंबता येत नाही. चिन्हाखालचा सीएम/एल क्रमांक ‘बीआयएस केअर’ अॅपवर टाकला, की परवाना जिवंत आहे की मेलेला ते मोबाइलवरच कळतं.

‘प्रमाणपत्राची सक्ती म्हणजे पुन्हा परवाना राज’ अशी ओरड आहे, आणि ती सगळी खोटी नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानेच धागे आणि प्लास्टिकच्या कच्च्या मालावरचे १४ सक्तीचे आदेश मागे घेतले. ठीकच झालं. कच्चा माल कारखानदार स्वतः पारखून घेतो. हेल्मेटचं अस्तर दुकानात उभ्या गिऱ्हाइकाने कसं पारखायचं?

बोगस हेल्मेटविरुद्ध मोहीम उघडा, असं केंद्राने देशभरच्या जिल्हाधिकाऱ्यांना ऑक्टोबर २०२४ मध्येच कळवलं आहे. अहिल्यानगरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी पोलीस, आरटीओ आणि मानक ब्युरो यांना घेऊन पुणे रस्ता, मनमाड रस्ता आणि शिर्डीच्या वाटेवरची विक्री तपासावी. किती दुकानं पाहिली, किती माल जप्त केला, किती खटले भरले, हे दर महिन्याला जाहीर करावं. ग्राहकांनी पक्कं बिल मागावं. नकार मिळाला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.