घराजवळचे वेडेपीर

दिवाळीची सुट्टी जवळ आली, की मराठी गृहस्थाच्या पायाला भिंगरी लागते. पूर्वी वळकटी आणि फिरकीचा तांब्या निघत असे. आता चाकांची बॅग निघते, एवढाच फरक. कोणी उटीला जातो, कोणी मनालीला, आणि हात जरा सैल असला तर सिंगापूरला. परत आल्यावर तो शेजाऱ्यांना चहाला बोलावून प्रवासवर्णन ऐकवतो आणि शेजारीही, पुढल्या वर्षी आपली पाळी येणार या आशेवर, ते निमूटपणे ऐकून घेतात. माझी या व्यवहाराला हरकत नाही. फक्त एक बारीकशी शंका आहे. सिंगापूर पाहून आलेल्या किती पुणेकरांनी उपाशी विठोबाला हात जोडले असतील?

आता विठोबा उपाशी कसा, हा पहिला प्रश्न. तर देव उपाशी नव्हता. त्याची सेवा करणारा भक्त उपासतापास करणारा होता. पण पुणेकरांनी भक्ताचा उपास देवाच्या नावावर मांडून टाकला, तो आजतागायत सुटलेला नाही. पासोड्या विठोबाची गोष्ट याहून सरळ. त्याच्या आसपास पासोड्यांचा बाजार भरत असे. (पासोडी म्हणजे जाडेभरडे पांघरूण, हे आता सांगावे लागते.) निवडुंग्या विठोबा निवडुंगात सापडला. पत्र्या मारुतीच्या डोक्यावर पत्रा आला. भिकारदास मारुतीचे नाव ऐकून कोणाला दया येईल, पण हे भिकारदास चांगले गबर सराफ होते! मोदी गणपतीचे नाव तर एका पारशी गृहस्थाच्या बागेवरून पडलेले आहे. खुन्या मुरलीधर मात्र खरोखरच रक्ताचा साक्षी. गद्रे सावकारांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस हे देऊळ बांधले आणि मूर्तीच्या स्थापनेच्या वेळी तिथे चकमक झडून माणसे पडली, अशी हकीकत सांगतात. मुरलीधराचा त्यात काय अपराध? पण नाव पडले ते पडले.

ही नावे कुठल्या समितीने ठरविली नाहीत. भाजी घेऊन परतणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, पत्ता सांगणाऱ्या माणसांनी ती बोलता बोलता ठेवली. म्हणून त्यांत भक्ती आहे, टवाळी आहे आणि कधी कधी काळजाला हात घालणारे काही तरी आहे. गणेश पेठेतल्या डुल्या मारुतीचेच पाहा. १७६१ साली तिकडे पानिपतावर मराठ्यांची फौज कापली जात होती, तेव्हा इकडे पुण्यात हा मारुती डोलू लागला, अशी आख्यायिका आहे. त्या काळी तार नाही, टपाल नाही. बातमी यायला कित्येक दिवस लागले. घरोघरचे मुलगे, भाऊ, नवरे गेलेले आणि मागे राहिलेल्यांना काही कळत नाही. त्या शहराने आपला थरकाप एका दगडी मूर्तीच्या अंगी पाहिला. आज तिथून रिक्षातून जाताना आपण 'काय विचित्र नाव!' म्हणतो आणि हसतो. हसायला हरकत नाही. पण रिक्षातून उतरून हसावे.

जिथे देवांनी इतके तऱ्हेवाईक असावे, तिथे माणसांनी का मागे राहावे? पण माणसाच्या तऱ्हेवाईकपणाची किंमत असते आणि ती पुष्कळदा त्याचे घर भरते. शुक्रवार पेठेत राहणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांचे उदाहरण घ्या. जन्म १८९६ चा. 'अज्ञातवासी' या नावाने कविता करीत. एवढ्यावर ते थांबले असते, तर पुण्याने त्यांना इतर कवींच्या रांगेत बसवून सोडून दिले असते. पण १९२० च्या सुमारास या गृहस्थांना जुन्या वस्तू गोळा करण्याचा नाद लागला. वस्तू तरी कसल्या? तलवार, ढाल, पगडी गोळा करणाऱ्याला लोक इतिहासकार म्हणतात. केळकर गोळा करीत होते अडकित्ते! दिवे, दौती, फण्या, कुंकवाचे करंडे, पाय घासायच्या वज्री. ज्या वस्तू आजी वारल्यावर अडगळीत जातात आणि नातसून आल्यावर मोडीत जातात, त्या.

त्या काळातल्या शहाण्या माणसांना हे काय वाटले असेल, याची कल्पना करायला फारशी प्रतिभा लागत नाही. मलाही त्यांच्या शेजारी बिऱ्हाड असते, तर मीही भिंतीपलीकडून येणारा पितळेचा खणखणाट ऐकून बायकोकडे सूचक नजरेने पाहिले असते. पण त्यांच्या पत्नी कमलाबाई या छंदात त्यांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या. संसार, कविता आणि अडकित्ते ही तीन ओझी एकदम पेलणाऱ्या बाईंचा पुतळा कुठे उभारायचा, हे पुण्याच्या नगरपित्यांनी ठरवावे.

त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. संग्रहाला त्याचे नाव दिले गेले: राजा दिनकर केळकर संग्रहालय. आज त्यात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. सारा संग्रह केळकरांनी सरकारच्या स्वाधीन केला आणि १९९० साली, चौऱ्याण्णव वर्षांचे आयुष्य जगून, ते गेले. त्या वाड्यातल्या दिव्यांच्या दालनात एकदा दिवाळीच्या दिवसांत जावे. लामणदिवे, समया, निरांजने. कुठे वातीच्या जागी मोर, कुठे हत्ती. हे दिवे कुणी घडविले, त्यांची नावे राहिली नाहीत. रोज तिन्हीसांजेला ते कुणी लावले, त्या बायकांची तर नाहीच नाही. राजेरजवाड्यांचा इतिहास लिहायला बखरकार होते. वज्रीने टाच घासणाऱ्या बाईचा इतिहास कोण लिहिणार? तो एका वेड्या माणसाने गोळा केला. स्टेनलेस स्टीलची भांडी घरोघर शिरली आणि तांबेपितळ तराजूत चढले, तेव्हा त्याचे वेड किती शहाणे होते ते आपल्याला कळले.

अशा माणसांना ओळखावे कसे? तऱ्हेवाईकपणा मिरवणारे पुष्कळ असतात. मुद्दाम उलटी टोपी घालणारे, चारचौघांत मुद्दाम तिरकस बोलणारे. त्यांना प्रेक्षक लागतात. प्रेक्षक उठून गेले की ते सुलट होतात. अस्सल वेडेपीर प्रेक्षक नसला तरी आपला खेळ चालूच ठेवतो. याचा नमुना पाहायचा, तर पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून शिकून बाहेर पडलेल्या एका विद्यार्थ्याच्या मागोमाग नाशिकजवळच्या देवळालीला जावे लागेल.

देवळालीचा आणि वेडाचा संबंध जुना आहे. इंग्रजांच्या अमदानीत मायदेशी परतणारे गोरे सोल्जर तिथल्या छावणीत बोटीची वाट पाहत महिनोन्महिने पडून असत. काम नाही, ऊन भरपूर. कित्येकांची डोकी फिरत. त्यावरून इंग्रजीत डोके फिरलेल्या माणसाला 'डूलाली' म्हणू लागले आणि हा शब्द त्यांच्या कोशांतही बसला. ज्या गावात नुसते बसून गोऱ्यांना वेड लागले, त्याच गावात दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत शाळामास्तरकी करीत राहिले आणि त्यांना कंटाळा म्हणून आला नाही. त्यांच्या सोबतीला आकडे होते.

कापरेकर मास्तरांना आकडे पाळीव प्राण्यांसारखे होते. प्रत्येकाला नाव, प्रत्येकाची खोड ठाऊक. १४ घ्या, त्यात त्याचेच अंक, १ आणि ४, मिळवा, १९ आले. म्हणजे १९ चा बाप १४. पण २० ला असा बापच नाही. कुठलीही संख्या घेऊन तिचे अंक तिच्यात मिळवा, २० येत नाहीत. अशा संख्यांना मास्तरांनी 'स्वयंभू' म्हटले. ३१, ४२, ५३ याही स्वयंभू. आणि जपमाळेचे १०८ हेदेखील! आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी संख्या, ती 'हर्षद', आनंद देणारी. रामानुजनांमुळे गाजलेला १७२९ घ्या: अंकांची बेरीज १९, आणि १९ एक्क्याण्णवे १७२९. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. चढून पुन्हा उतरणाऱ्या या जातीच्या संख्यांना त्यांनी नाव दिले 'डेम्लो', कारण त्यांचा विचार सुचला तो डोंबिवली स्टेशनावर. गाडीची वाट पाहताना आपल्याला फक्त गाडीला शिव्या सुचतात.

४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५, आणि बेरीज घ्या: परत ४५! अशांना जग आता कापरेकर संख्या म्हणते. पण मास्तरांचे खरे रत्न निराळेच. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, मग चढत्या क्रमाने, आणि वजाबाकी करायची. जे येईल त्याचे पुन्हा तेच. फार तर सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ वर येऊन पोचता आणि तिथेच घुटमळत राहता. १९४७ साल घ्या, पाच पायऱ्या लागतात. महाराष्ट्र राज्य झाले ते १९६० साल घ्या: ९४४१, ७९९२, ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२ आणि मग ६१७४. सातच्या सात! सरकारी कागदाला जितकी टेबले फिरावी लागतात, तितकी.

हे त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडले. गणितातल्या कित्येक थोरांना तो पोरखेळ वाटला. मोठमोठ्या नियतकालिकांची दारे उघडेनात, तेव्हा मास्तरांनी आपल्या पदरच्या पैशाने पुस्तिका छापल्या आणि त्यांवर प्रकाशनस्थळ म्हणून देवळाली घातले. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून शिकवण्या केल्या. शाळाशाळांतून पोरांना आकड्यांच्या गमती सांगत ते हिंडत राहिले. मग १९७५ साली अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले आणि वयाच्या सत्तरीत देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर फिरून घरी आले. तोवर त्यांची संख्या तीच होती, वजाबाकी तीच होती. आपल्याला मात्र अमेरिकेहून शिक्का यावा लागला. १९८६ साली ते गेले.

उपयोग काय, असे विचारणारे काका प्रत्येक घरात एक असतातच. त्यांना सांगावे, की ६१७४ चा बाजारात काडीचा उपयोग नाही. मात्र त्यांच्या हातात पेन्सिल द्यावी आणि लक्ष ठेवावे. मी हा प्रयोग केलेला आहे. काकांनी कपाळाला आठ्या घालून पहिली वजाबाकी केली, दुसरी केली, तिसऱ्या वेळी हातचा चुकला म्हणून चिडले, आणि ६१७४ आल्यावर कोणाला दिसणार नाही अशा बेताने कागद उलटा करून दुसरी संख्या मांडू लागले. चकली तशीच हातात राहिली होती.

तुम्हीही करून पाहा. मास्तरांचे जन्मसाल १९०५, तेच घ्या. किती पायऱ्या लागतात ते मी सांगत नाही. फराळाची दुसरी फेरी येईपर्यंत निघेल.