बाळ मान हलवते तेव्हा
झोप आली की बाळ उशीवर डोके इकडून तिकडे घुसळते, मागचे केस जातात आणि आजी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढते. काढू द्या, बिघडत नाही. बाळ बहुधा स्वतःला झोपवत असते.

मला भीती वेगळ्याच हालचालीची. चार-आठ महिन्यांचे बाळ झोपेतून उठताच दचकल्यासारखे वारंवार मान पुढे टाकते, हात उडतात. ही आकडी असू शकते. १८४१ साली डॉ. वेस्ट यांनी ती स्वतःच्या मुलात पाहून लिहून ठेवली. पुढे हसरे बाळ हसेनासे होते. ‘दात येताहेत’ म्हणून महिना घालवू नका. मोबाइलवर चित्रण करून त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मेंदूचा आलेख (ईईजी) अंबरनाथ-बदलापुरात लगेच होत नसेल, तर लोकल धरून परळचे वाडिया रुग्णालय गाठा.