टाचदुखी : नुसती विश्रांती पुरेशी नाही

सकाळी पहिल्याच पावलाला टाचेत कळ येते, थोडे चालल्यावर ओसरते आणि धावपटू पुन्हा रस्त्यावर उतरतो. 'प्लांटर फॅसायटिस' चिघळतो तो असा. मुळशीत पौडहून ताम्हिणीकडे जाणाऱ्या चढावर तर पोटरी अधिक ताणली जाते आणि तळव्याच्या पट्ट्यावरील भार वाढतो.

विश्रांतीने वेदना कमी होते; मात्र पट्टा धावण्याचा भार पेलण्यास सक्षम होत नाही. डेन्मार्कमधील संशोधक रॅथलेफ यांच्या २०१४ च्या अभ्यासात बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दिवसाआड एका पायावर टाच उचलणाऱ्यांना तीन महिन्यांत, केवळ ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक आराम पडला. वर्षअखेर मात्र दोन्ही गट जवळपास सारखेच होते. तेव्हा चमत्काराची अपेक्षा नको.

स्पर्धेच्या तोंडावर स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा मोह होतो. त्याने वेदना दबते, पण पट्टा फाटण्याची जोखीम असते. नुसते अंगावर काढणेही महागच. अमेरिकेतील बेसबॉलपटू अल्बर्ट पुहोल्स यांचा २०१३ चा मोसम पट्टा अंशतः फाटल्याने जुलैतच आटोपला.

बहुतेक रुग्ण वर्षभरात शस्त्रक्रियेविना बरे होतात. परतताना आधी सपाट रस्ता, घाट सर्वांत शेवटी. आणि सराव वाढवायचा की नाही, हे दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले पाऊल टाकल्यावरच ठरवावे.